टायरचा डेटा आणि २५० चा घोळ

आमच्या फॉर्म्युला गाडीबद्दल हॉस्टेलवर बऱ्याच कथा फिरतात. दिवाळीच्या सुटीत आठ पोरं घरी न जाता वर्कशॉपमध्ये राहिली, गाडीचे चांगले ए-आर्म काढून नवे लांब ए-आर्म बनवले, हे सगळ्यांना माहीत आहे. का बनवले, याची मेसमधली कथा अशी की वेल्डरनं माप चुकवलं होतं. ते खरं नाही. वेल्डर बिचारा उगाच बदनाम झाला. चूक वर्कशॉपमध्ये झालीच नव्हती, ती माझ्या लॅपटॉपवर झाली होती. ती कशी झाली आणि आता आम्ही टायरचा डेटा कसा ठेवतो, एवढंच या लेखात सांगायचं आहे. गाडीवाल्या टीमशी ज्यांचा संबंध नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण मोजमापाची फाइल सॉफ्टवेअरमध्ये घेताना होणारे घोटाळे सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांकडेही असेच होतात.

आधी टायरचा डेटा म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे टायरची तपासणी म्हटली की फिरत्या ड्रमवर टायर दाबून तासन् तास पळवणं, तो टिकतो की फुटतो ते बघणं, असंच चित्र डोळ्यांसमोर येतं. विकायला निघणाऱ्या टायरला ते लागतंच. पण गाडीचं डिझाइन करणाऱ्याला वेगळंच हवं असतं. चाकावर इतका भार, इतकी हवा, इतका कॅम्बर असताना चाक थोडं वळवलं तर टायर बाजूला किती जोर लावेल, हा त्याचा प्रश्न असतो. चाक ज्या दिशेला बघतं आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जातं, त्या दोन्हींमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. बैलबंडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, ती जमिनीपाशी दबत नाही. रबराचं तसं नाही. जमिनीला टेकलेला तळहाताएवढा तुकडा पिळला जातो, आणि त्या पिळातूनच गाडीला वळवणारा जोर निघतो.

हे मोजायचं यंत्र कोणत्याही कॉलेजच्या आवाक्यातलं नाही. म्हणून २००५ साली अमेरिकेत फॉर्म्युला एसएई टायर टेस्ट कन्सोर्शियम सुरू झालं. जगभरच्या कॉलेजांनी वर्गणी भरायची, त्या पैशात बफेलो शहरातल्या कॅलस्पानच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांच्या गाड्यांना लागणारे टायर तपासून घ्यायचे आणि डेटा सभासद कॉलेजांना द्यायचा, अशी ही भिशीसारखी व्यवस्था. तिथे सपाट पट्टा फिरतो, त्यावर टायर दाबतात आणि चाक एकदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या बाजूला वळवत राहतात. पट्ट्याचा पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत असतो. त्यामुळे तिथली पकड आपल्या डांबरी रस्त्यापेक्षा बरीच जास्त दिसते आणि गणितात ती कमी करून घ्यावी लागते. बऱ्याच टीम साधारण दोन तृतीयांश धरतात. आम्हीही तेच धरलं.

सभासद झाल्यावर डेटा मिळतो तो फाइलींच्या गठ्ठ्यात. फाइलीच्या नावात प्रोजेक्टचा कोड आणि रनचा क्रमांक, बाकी काही नाही. आत हजारो ओळी. प्रत्येक ओळीत त्या क्षणाची वेळ, वेग, स्लिप अँगल, कॅम्बर, हवेचा दाब, तिन्ही दिशांचे जोर, मोमेंट, आणि टायरच्या आतल्या कडेचं, मधलं व बाहेरच्या कडेचं तापमान. एकच डेटा मॅटलॅबच्या मॅट फाइलीतही येतो आणि साध्या टेक्स्टच्या डॅट फाइलीतही. शिवाय दोन वेगळ्या एककांत येतो: एका फोल्डरमध्ये न्यूटन, किलोपास्कल आणि सेल्सिअस, दुसऱ्यात पाउंड, पीएसआय आणि फॅरनहाइट.

इथेच माशी शिंकली.

डेटा वाचायचा प्रोग्रॅम आमच्या एका सीनियर दादानं लिहून ठेवला होता. प्रोग्रॅम चांगला होता. भाराप्रमाणे ओळींचे गट तो स्वतःच पाडायचा, प्रत्येक गटाचा आलेख काढायचा, आणि आलेखाखाली ‘न्यूटन’ हा शब्द आपोआप छापायचा. दादा पास होऊन पुण्याला नोकरीला लागला, जाताना पेन ड्राइव्ह देऊन गेला. मी फोल्डर उघडला तो नेमका पाउंडचा. प्रोग्रॅमनं पाच गट पाडले: ५०, १००, १५०, २००, २५०. खाली शब्द छापला, न्यूटन. मी खूश. आकडे किती गोल, किती सुंदर! खरं तर तिथेच शंका यायला पाहिजे होती, कारण न्यूटनमध्ये तेच भार २२२, ४४५, ६६७, ८९०, १११२ असे वेडेवाकडे येतात.

मग चूक कोणाच्याच लक्षात कशी आली नाही? कारण आम्ही बघत होतो ते घर्षणाचं गुणोत्तर, म्हणजे बाजूचा जोर भागिले उभा भार. पाउंड भागिले पाउंड काय आणि न्यूटन भागिले न्यूटन काय, उत्तर तेच. आलेखाचा आकार बरोबर, उंची बरोबर. घोळ होता तो फक्त आडव्या अक्षावरच्या आकड्यांत.

आणि टायरच्या बाबतीत तो अक्ष फार महत्त्वाचा असतो. भार दुप्पट केला तर टायरची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. बाहेरचं चाक मिळवतं त्यापेक्षा आतलं जास्त गमावतं, म्हणून एकूण पकड घटते. किती घटते, ते भार वाढताना गुणोत्तर किती उतरतं यावर ठरतं. कन्सोर्शियमचे खरे आकडे छापायला बंदी आहे, म्हणून मनचे आकडे घेऊन सांगतो. समजा ५० पाउंडांवर गुणोत्तर २.६ आहे आणि २५० पाउंडांवर २.४. म्हणजे २०० पाउंडांत ०.२ ची घट. आमच्या गाडीच्या एका चाकावर साधारण १७६ पाउंड येतात, तिथे गुणोत्तर २.४७ च्या आसपास निघतं. आता हेच आकडे न्यूटन समजून वाचा. २०० न्यूटनांत ०.२ ची घट, आणि आमच्या चाकावर तर ७८५ न्यूटन! रेघ पुढे वाढवली तर गुणोत्तर १.८७ वर येतं. वळणावरच्या बाहेरच्या चाकावर ११०० न्यूटन धरले तर १.५५. म्हणजे टायर आम्हाला सांगत होता, “भाऊ, माझ्यावर जास्त भार टाकू नका, मी घसरतो.” प्रत्यक्षात तो तसं काहीच म्हणत नव्हता.

आम्ही त्याचं ऐकलं. भार कमी सरकावा म्हणून गाडीची रुंदी वाढवायचं ठरलं. दोन्ही बाजू मिळून ६० मिलीमीटर. त्यासाठी नवे ए-आर्म, नव्या टाय-रॉड, नवं जिग. रूम पार्टनरच्या आईनं घरून पाठवलेला चिवडा आणि शंकरपाळे आम्ही वर्कशॉपच्या बाकावर बसून खाल्ले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गावात फटाके वाजत होते आणि आम्ही ग्राइंडर चालवत होतो.

सुटी संपल्यावर ग्राउंडवर कोन मांडून गाडी चालवली. सरळ आणि मोठ्या वळणाला पहिल्यासारखीच. कोनांमधून नागमोडी न्यायची वेळ आली की मात्र मागचं चाक कोनाला घासायचं. रुंद झाली ना! वेळ सुधारायच्या ऐवजी बिघडला.

आमचे लॅबचे सर तेव्हा ग्राउंडवर उभे होते. त्यांनी आलेख मागितला. कागद हातात घेऊन एक मिनिट बघितलं आणि विचारलं, “काय रे, गाडी ड्रायव्हरसकट किती भरते?”

“तीनशे वीस किलो, सर.”

“मग एका चाकावर किती?”

मी मोबाईलवर हिशेब केला. “सातशे पंच्याऐंशी न्यूटन.”

“मंग तुझा आलेख अडीचशेलाच काहून संपते?”

सरांना टायरचं मॉडेलिंग येत नाही, असं ते स्वतःच म्हणतात. त्यांनी फक्त गाडीचं वजन चारनं भागलं होतं. मला दोन महिन्यांत ते सुचलं नाही. मी रात्री रूमवर येऊन फाइलीची तिसरी ओळ वाचली. डॅट फाइलीत वर नावांची ओळ असते आणि तिच्याखाली एककांची. तिथे सरळसरळ पाउंड लिहिलेलं होतं. आमचा प्रोग्रॅम त्या वरच्या ओळी वगळून थेट आकड्यांवर जायचा.

आठ जणांना ही गोष्ट सांगायला मला दोन दिवस लागले. कोणी फारसं बोललं नाही. एक जण एवढंच म्हणाला, “दिवाळीला आजी वाट पाहून राहिली होती बे.” जानेवारीत कोइम्बतूरला, कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारतला गेलो तेव्हा गाडी रुंदच होती. परत बदलायला पैसे नव्हते.

त्यानंतर डेटा ठेवायची पद्धत आम्ही मुळापासून बदलली. मूळ फाइली आता एका फोल्डरमध्ये कुलूपबंद, फक्त वाचण्यापुरत्या उघड्या. त्यांना कोणीही हात लावायचा नाही, नावसुद्धा बदलायचं नाही. प्रोग्रॅम रकाना क्रमांकानं उचलत नाही, नावानं उचलतो, कारण वेगवेगळ्या वर्षांच्या फाइलींत रकाने कमीजास्त असू शकतात. एककाची ओळ वाचल्याशिवाय तो पुढे जात नाही. पाउंड दिसले तर दारातच न्यूटन करून घेतो, आणि हे रूपांतर एकाच ठिकाणी, एकदाच होतं. पूर्वी प्रत्येक जण आपापल्या फाइलीत ४.४४८ नं गुणायचा, त्यामुळे काही आकडे दोनदा गुणले गेले होते तेही सापडलं!

चिन्हांचं प्रकरण वेगळंच. एसएईच्या जुन्या पद्धतीत उभा अक्ष खाली बघतो, म्हणून चाकावरचा भार ऋण येतो. आयएसओच्या पद्धतीत अक्ष वर बघतो, भार धन येतो आणि बाजूच्या जोराचं चिन्हही बदलतं. भार ऋण दिसला की आमच्याकडे सरळ वजाबाकीची खूण पुसून टाकायची सवय होती. तसं केलं की उभा भार एका पद्धतीतला आणि आडवा जोर दुसऱ्या पद्धतीतला होतो, मग डावं-उजवं कळत नाही. आता तक्त्याच्या माथ्यावर पद्धतीचं नाव लिहितो आणि बदल करायचा तर सगळ्या रकान्यांना एकत्र करतो.

टायर गरम करण्यासाठीचे सुरुवातीचे फेरे वेगळे काढतो, फेकत नाही. दाब आणि तापमान सोबतच ठेवतो, आणि हे वर्ध्यात राहणाऱ्यांना समजावून सांगायची गरज पडू नये. सकाळी २५ अंशांवर १२ पीएसआय हवा भरली आणि टायर नुसता उन्हात ४५ अंशांपर्यंत तापला, तर गॅसच्या नियमानं दाब १३.८ पर्यंत जातो. टेस्टमध्ये दाबाच्या दोन पायऱ्यांमधलं अंतरच २ पीएसआय असतं! म्हणजे एप्रिलमधल्या दुपारी गाडी जवळजवळ दुसऱ्याच तक्त्यावर चालत असते.

मॅटलॅबमध्ये यासाठी तयार सोय आहे. व्हेइकल डायनॅमिक्स ब्लॉकसेटच्या टायरविषयक जादा पॅकेजमध्ये ‘टायरडेटा’ नावाची वस्तू मिळते. ती मोजमापाची फाइल आत घेते आणि मोजमाप व त्याची माहिती एकत्र बांधून ठेवते. मग त्यावरून मॅजिक फॉर्म्युलाचे गुणांक बसवता येतात. हा फॉर्म्युला नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या पासेयका यांच्या नावानं ओळखला जातो. १९८७ साली व्होल्वोच्या दोघांबरोबर त्यांचा त्यावरचा पेपर आला. पण एक लक्षात ठेवा, फॉर्म्युला कोणत्याही आकड्यांवर बसतो. माझ्या चुकीच्या आकड्यांवरही तो छान बसला होता. रूमवर मॅटलॅब नसेल त्यांच्यासाठी ऑक्टेव्ह फुकट आहे, मॅट फाइल त्यातही उघडते.

राहिला एक विषय. दुसऱ्या कॉलेजमधला माझा अकरावी-बारावीचा मित्र त्यांच्या टीममध्ये आहे. त्यांचं कॉलेज सभासद नाही. त्यानं डेटा मागितला. “फाइल तं आहे बे, कोणाले काय समजते?” मी नाही म्हणालो. सभासदत्व कॉलेजचं असतं, डेटा बाहेर द्यायचा नाही असं मान्य करूनच तो मिळतो. तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मग मी त्याला वाचायचा प्रोग्रॅम दिला, कारण तो आमचा स्वतःचा आहे. आता त्यांचं कॉलेज सभासद होण्याच्या खटपटीत आहे. याच कारणानं आमचा डेटाही आता कोणाच्या पेन ड्राइव्हवर नसतो. लॅबच्या एका मशीनवर आणि विभागाच्या कपाटातल्या एका हार्ड डिस्कवर, बस. सोबत एक साधी दोनशे पानी वही. कोणत्या रनमध्ये कोणता टायर, रिमची रुंदी किती, फाइल कोणत्या एककातली, कोणी आत घेतली, कोणत्या तारखेला, आणि सगळ्यात शेवटच्या रकान्यात: गाडीच्या एका चाकावरचा भार, हातानं काढलेला. हा रकाना भरल्याशिवाय सर सही करत नाहीत.

जुने ए-आर्म वर्कशॉपच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगून आहेत. ज्युनियरांनी या वर्षी रुंदी कमी करायची ठरवली तर ते अजून बसतात, मी मोजून बघितलं आहे. डाव्या पुढच्या आर्मचं बेअरिंग तेवढं बदलावं लागेल.