घड्याळ एक तास पुढे? क्वीन्सलंडचा वाद आणि तुमच्या दुकानाची वेळ

मागच्या व्हिडिओखाली एका ताईंनी प्रश्न विचारला होता. त्या सांगलीत घरून ऑस्ट्रेलियातल्या दोन दुकानांचे हिशेब बघतात, एक सिडनीचं आणि एक ब्रिस्बेनचं. दोघांबरोबर दर सोमवारी कॉल. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी त्या नेहमीसारख्या संध्याकाळी साडेपाचला कॉलवर आल्या, तर सिडनीवाला तासभर वाट बघून निघून गेलेला. ब्रिस्बेनचा कॉल मात्र वेळेवर झाला. देश एक, किनारा एक, मग हे झालं कसं?

झालं असं, की सिडनी ज्या न्यू साउथ वेल्स राज्यात आहे, तिथे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. यालाच डेलाइट सेव्हिंग म्हणतात. शेजारचं क्वीन्सलंड राज्य, म्हणजे ब्रिस्बेन, ते करत नाही. उन्हाळ्यात सिडनी आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते आणि ब्रिस्बेन बारा महिने साडेचार तास. गंमत म्हणजे क्वीन्सलंडमध्ये यावर अनेक वर्षं भांडण चालू आहे. धंदा करणाऱ्याने ते भांडण नीट समजून घ्यावं असं मला वाटतं, कारण त्यात दोन्ही बाजूंना छोटे व्यावसायिकच आहेत.

तिथे १९७१-७२च्या उन्हाळ्यात हा प्रयोग झाला आणि बंद पडला. १९८९ पासून पुन्हा तीन उन्हाळे झाला. मग २२ फेब्रुवारी १९९२ला सार्वमत घेतलं. सुमारे ५४.५ टक्के लोकांनी 'नको' म्हटलं. पण हा आकडा एवढाच वाचू नका. राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्टच्या बाजूला, कल 'हवं'कडे होता. उत्तरेला आणि पश्चिमेला जोरदार 'नको'.

का, ते सूर्य सांगतो. ब्रिस्बेनला डिसेंबरात पावणेपाचलाच सूर्य उगवतो आणि संध्याकाळी पावणेसातच्या आत मावळतो. तिथल्या माणसाला वाटतं, पहाटेचा उजेड झोपेत वाया जातो, तो संध्याकाळी मिळाला तर समुद्रावर जाऊ, बाहेर जेवू. हॉटेलवाल्याचा गल्ला त्याच तासात भरतो. आता पश्चिमेच्या माउंट आयझाला चला. तिथलं घड्याळ आधीच सूर्याच्या सुमारे ४० मिनिटं पुढे धावतं. त्यात आणखी एक तास घातला, तर दुपारी तीनला शाळा सुटते तेव्हा ऊन ऐन माथ्यावरचं, आणि पोरं त्यातून घरी येणार. उत्तरेला केर्न्समध्ये उन्हाळ्यात दिवस फारसा मोठा होतच नाही, मग वाचवायचं काय? गोठेवाल्याचं दुखणं वेगळं. गाय घड्याळ बघत नाही, पण दुधाचा टँकर घड्याळानेच येतो. यावर शहरातले लोक हसले, 'पडद्यांचा रंग उडेल' असे विनोदही झाले. मला ते हसणं पटत नाही. पहाटे अंधारात उठणारा माणूस तो आहे, तुम्ही नाही!

दुसऱ्या बाजूचं नुकसानही खरं आहे, आणि ते कागदावर मांडता येतं. समजा दोन्ही शहरांत ऑफिस नऊ ते पाच आणि एक ते दोन जेवणाची सुट्टी. वेळ सारखी असेल तर एकमेकांना फोन करायला सात तास मिळतात. एका तासाचा फरक पडला की सकाळी सिडनी उघडते तेव्हा ब्रिस्बेन बंद, संध्याकाळी उलटं, आणि जेवणाच्या सुट्ट्याही वेगवेगळ्या. उरतात फक्त पाच तास. सात तासांचे पाच! सर्वात जास्त हाल सीमेवर. कूलंगट्टा क्वीन्सलंडमध्ये, ट्वीड हेड्स न्यू साउथ वेल्समध्ये, आणि मध्ये फक्त एक रस्ता. घर इकडे, नोकरी तिकडे, मुलाची शाळा आणखी कुठे. उन्हाळ्यात तिथे अपॉइंटमेंट देताना 'कोणाच्या घड्याळाने?' हे विचारावंच लागतं. (नवीन वर्ष मात्र दोनदा साजरं करता येतं, बरं का.)

'मग फक्त आग्नेय भागापुरतं करा ना!' असं २०१०च्या सुमारास जोरात पुढे आलं. विधेयकही मांडलं गेलं, पण सरकारने ते पुढे नेलं नाही. एकाच राज्यात दोन वेळा म्हणजे सीमा फक्त दुसरीकडे सरकणार, कटकट तीच.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १९०६ला भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. गिरणी कामगारांनी विरोध केला, आणि 'मुंबई टाइम' शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिला. कामगाराचा हिशेब साधा होता: घड्याळ पुढे गेलं म्हणजे मला लवकर उठवणार.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. कॉलची वेळ भारताच्या घड्याळाने पक्की करू नका, गिऱ्हाईकाच्या शहराने करा. कॅलेंडरमध्ये मीटिंग टाकताना टाइम झोन म्हणून 'सिडनी' किंवा 'ब्रिस्बेन' हे शहरच निवडा, बाकी बदल ते आपोआप सांभाळतं. कोटेशनमध्ये 'सकाळी १०, सिडनी वेळ' असं शहरासकट लिहा. आणि परदेशी गिऱ्हाईक नसलं तरी एक काम करा. दुकान तासभर आधी उघडायचा विचार असेल तर आधी आठवडाभर वहीत लिहा, त्या तासात कोण येतं, आणि तो तास कोणाच्या झोपेतून जातो: तुमच्या, बायकोच्या की कामावरच्या पोराच्या. वहीचा फोटो कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यातल्या दोन-तीन वह्या आपण एकत्र बसून बघू.