छोट्या कुत्र्याचं शिक्षण : अभ्यास घरातल्या सगळ्यांचा



वार्षिक परीक्षा संपली की पुण्यातल्या बऱ्याच घरांत एक हट्ट सुरू होतो : "आई, आपण कुत्रा आणूया ना!" दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मोठा कुत्रा मावणार नाही, म्हणून छोट्याचा शोध सुरू होतो. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि त्यातला टफी घराघरातल्या मुलांचा लाडका झाला. आपण ज्याला सरसकट 'पॉमेरियन' म्हणतो, तो बहुतेक वेळा टफीसारखा इंडियन स्पिट्झ असतो. मग २००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे मागे चालणारा पग आला आणि सगळ्यांना पग हवा झाला. दोन्ही वेळा पडद्यावर जे दिसलं ते शिकवलेलं कुत्रं होतं. आपण घरी आणतो ते न शिकवलेलं पिल्लू.

आणि इथेच एक गैरसमज असतो. छोटं आहे म्हणजे सोपं आहे, असं आपण धरून चालतो. लॅब्रेडॉर पाहुण्याच्या अंगावर उडी मारतो तेव्हा पाहुणा पडतो, म्हणून घरचे दुसऱ्याच दिवशी काहीतरी उपाय शोधतात. चार किलोचं कुत्रं तेच करतं तेव्हा आपण हसून म्हणतो, "असू दे हो, छोटंच तर आहे!" माझ्या मते छोटी कुत्री जातीमुळे कमी आणि या एका वाक्यामुळे जास्त बिघडतात.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कुत्रं दारात येणाऱ्याच्या घोट्याला दात लावतं तेव्हा तो घोटा बहुतेक वेळा कोणाचा असतो, ते पाहा. घरकामाच्या मावशींचा, 'स्वच्छ'च्या कचरा गोळा करणाऱ्या ताईंचा, पार्सल घेऊन आलेल्या मुलाचा. या लोकांना "तुमच्याकडे कुत्रं आहे, मी येत नाही" असं म्हणता येत नाही. शिवाय चावा कितीही छोटा असला तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुणं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणं चुकत नाही. 'नुसता दात लागलाय' या सबबीला रेबीजच्या बाबतीत जागा नाही.

कुत्रं शिकतं कसं?

डी.एड., बी.एड.ला आपण थॉर्नडाइक वाचलेला असतो. १८९८ साली त्याने भुकेल्या मांजरांना खिट्टी असलेल्या पेटीत ठेवलं आणि ती किती वेळात बाहेर पडतात ते मोजलं. ज्या कृतीनंतर लगेच काही चांगलं घडतं ती कृती पुन्हा होते, हा त्यातून निघालेला नियम. परीक्षेपुरता पाठ करून आपण तो विसरतो. घरात कुत्रं आलं की तो रोज डोळ्यांसमोर घडतो.

दारावरची बेल घ्या. बेल वाजते, कुत्रं भुंकतं, पेपरवाला पेपर टाकून निघून जातो. आपल्याला माहीत आहे की तो जाणारच होता. कुत्र्याच्या दृष्टीने मात्र त्याने भुंकून माणसाला पळवून लावलेलं असतं! दूधवाला गेला, कचरावाल्या ताई गेल्या, कुरिअरवाला गेला. रोज पाच-सहा वेळा यश मिळतंय, मग ते भुंकणं का सोडेल? त्यातच आपण आतून ओरडतो, "ए गप!" म्हणजे कुत्र्याला वाटतं, घरचेही आपल्याबरोबर भुंकायला लागले.

म्हणून नुसतं गप्प करून भागत नाही, त्या वेळी करायला दुसरं काम द्यावं लागतं. दारापासून दूर, पण दार दिसेल अशा जागी एक छोटी चटई टाका. आधी बेलचा काही संबंध नाही. पिल्लू चटईवर गेलं की "शाब्बास" म्हणायचं आणि फुटाण्याएवढा खाऊ द्यायचा. तीन-चार दिवसांत ते स्वतःहून जाऊन बसायला लागतं. मग मोबाइलवर बेलचा आवाज अगदी हळू लावून चटईवर खाऊ द्यायचा. मग खरी बेल, पण वाजवणारं घरातलंच माणूस. अनोळखी माणूस सगळ्यात शेवटी. आपण वर्गात आधी एकअंकी बेरीज घेतो, मग हातच्याची. इथे मात्र पहिल्याच दिवशी थेट शाब्दिक उदाहरणाची अपेक्षा ठेवतो.

"शाब्बास" आणि कृती यांच्यात एका सेकंदाहून जास्त अंतर नको. खाऊ आणायला स्वयंपाकघरात जाऊन परत येईपर्यंत कुत्रं चटईवरून उठून सोफ्यावर चढलेलं असतं, आणि बक्षीस सोफ्याचं होतं. म्हणून खाऊ खिशात ठेवा. उकडलेलं अंडं, चिकन, शाकाहारी घरात पनीर चालतं. जेवढा खाऊ दिला तेवढं जेवण कमी करा, कारण चार-पाच किलोच्या जिवाला जास्तीचे चार घासही अंगावर येतात. शिऱ्यातला बेदाणा, चॉकलेट, कांदा-लसूण घातलेला रस्सा हे मात्र कधीच नाही. हे त्याला विषासारखं आहे, आणि आजी प्रेमाने शिराच भरवते!

शब्द कोणते निवडावेत?

हा भाग मला भाषेची शिक्षिका म्हणून फार मजेशीर वाटतो. बहुतेक जण "बस" हा शब्द शिकवतात. आता पुण्याच्या घरात दिवसभरात "बस" किती वेळा ऐकू येतो, मोजून पाहा. "बस आली का?" "बस झालं आता!" "बस ना जरा." कुत्र्याला व्याकरण कळत नाही. दहापैकी नऊ वेळा या आवाजाला काहीच अर्थ नसेल, तर दहाव्या वेळी ते तरी का बसेल? त्यापेक्षा "बैस" चांगला, कारण तो घरात कमी वापरला जातो.

दुसरं असं की "ये", "दे", "घे" हे तिन्ही कानाला जवळजवळ सारखे. बोलावण्यासाठी "इकडे", तोंडातली वस्तू टाकण्यासाठी "सोड", जागच्या जागी राहण्यासाठी "थांब" असे वेगवेगळ्या आवाजाचे शब्द घ्या. मग ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. हसू नका, हेच सगळ्यात महत्त्वाचं पाऊल आहे. बाबा "सिट" म्हणतात, आई "खाली बस", ताई "बैठो" आणि आजोबा "अरे बस की मेल्या" म्हणतात, त्या घरातलं कुत्रं हट्टी नसतं, गोंधळलेलं असतं. चार शिक्षकांनी एकच धडा चार भाषांत शिकवल्यावर वर्गाचं जे होईल तेच त्याचं होतं.

नावाचंही तसंच. नाव घेऊन रागवायचं नाही. "बंड्या!" असं ओरडून दोनदा चपलेसाठी रागे भरलात की तिसऱ्यांदा बंड्या हाकेला येणार नाही. आणि रस्त्यावर पट्टा सुटला असताना हाकेला येणं हाच त्याचा जीव वाचण्याचा मार्ग असतो.

रोजचा तास किती? तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. जेवणाच्या आधी घेतला तर उत्तम.

शी-शूची सवय

वाड्यात परसदार होतं. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये फरशी, बाल्कनी आणि लिफ्ट. पिल्लाला जितके महिने झाले त्यात एक मिळवला की साधारण तितके तास ते धरू शकतं, असा एक ढोबळ अंदाज सांगतात. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास, आणि छोट्या जातींमध्ये त्याहून कमीच समजा. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यायचं, काम झालं की तिथल्या तिथे शाब्बासकी द्यायची. घरी परतल्यावर दिलेला खाऊ घरी परतण्याचा होतो.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत पार्व्होसारख्या रोगांच्या भीतीने पिल्लाला रस्त्यावर सोडता येत नाही, म्हणून सुरुवातीला वर्तमानपत्र अंथरतात. त्यातली अडचण नंतर कळते. पिल्लू 'कागद म्हणजे जागा' एवढंच शिकतं आणि आजोबांनी खुर्चीखाली ठेवलेला आजचा 'सकाळ' भिजतो. त्यापेक्षा बाल्कनीत एका ट्रेमध्ये माती किंवा गवताचा तुकडा ठेवा. पुढे खाली नेल्यावर पायाखाली तेच लागतं. घरात चुकून झालंच तर ती जागा वास पूर्ण जाईल अशी धुवा. आपल्याला फिनेलचा वास आला म्हणजे कुत्र्याला आधीचा वास येत नाही असं नाही, शिवाय फिनेल त्याने चाटलं तर घातक. एन्झाइम असलेला क्लीनर मिळतो, तो वापरा.

शेजारच्या दारातली रांगोळी आणि चपला हा या विषयाचा सामाजिक भाग! ट्रेनिंग पूर्ण होईपर्यंत जिन्यातून आणि लिफ्टमधून पिल्लाला उचलूनच न्या. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या सूचनांत सांगितलं आहे. पण शेजाऱ्याची रांगोळी पुसली गेल्यावर ते पत्रक दाखवून शेजारधर्म टिकत नाही.

मारावं का?

शू केलेल्या जागी नाक घासायचं, वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारायचं, हे अजूनही काही घरांत चालतं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने २००९ मध्ये वर्गातली शारीरिक शिक्षा बंद केली. कायदा असो नसो, मार खाल्लेलं मूल काय शिकतं ते आपल्याला ठाऊक आहे : ते लपवायला शिकतं. कुत्रंही सोफ्यामागे जाऊन शू करायला लागतं.

"पण त्याला कळतं हो, बघा कसा अपराधी चेहरा करतो!" असं पालक हमखास सांगतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ या न्यूयॉर्कच्या संशोधिकेने २००९ मध्ये हेच तपासलं. कुत्र्याने खाऊ चोरला आहे की नाही, याबद्दल मालकांना काही वेळा मुद्दाम चुकीची माहिती दिली. अपराधी चेहरा चोरीवर अवलंबून नव्हता, मालकाच्या रागावण्यावर अवलंबून होता. काहीही न केलेली कुत्रीसुद्धा रागावल्यावर तसाच चेहरा करत होती. वर्गात खाली मान घालून उभं राहिलेलं प्रत्येक मूल दोषी असतं का?

गुरगुरण्याबद्दल थोडं विस्ताराने सांगते, कारण घरात लहान मुलं असतील तर हा भाग सर्वांत गरजेचा. छोट्या कुत्र्याला जो येतो तो उचलतो. झोपेतून उचलतात, खाताना उचलतात, फ्रॉक घालून फोटो काढतात. ते आधी मान फिरवतं, मग ओठ चाटतं, अंग आखडतं, मग गुरगुरतं. गुरगुरणं म्हणजे "मला हे नको आहे" असं तोंडी सांगणं. तेव्हा फटका दिला तर ते पुढच्या वेळी गुरगुरणार नाही, थेट चावेल. मग आपण म्हणतो, "एकाएकी चावलं हो!" एकाएकी काहीच झालेलं नसतं. मुलांना सांगा : झोपलेल्या आणि खाणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही, उचलायचं असेल तर मोठ्यांनी, आणि कुत्रं उठून निघून गेलं तर त्याच्या मागे जायचं नाही. दुधाच्या दातांनी पिल्लू खेळता खेळता बोट चावतं, तेव्हा किंचाळत पळू नका, त्याला तो खेळच वाटतो. खेळ तिथेच थांबवा, अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करा.

अंगावर उड्या मारण्याचं औषधही असंच साधं आहे. चारही पाय जमिनीवर असतील तरच लक्ष द्यायचं. उडी मारली की पाठ फिरवायची, बोलायचं नाही, ढकलायचंही नाही. पाहुण्यांना दारातच हे सांगावं लागतं, आणि पाहुणे ऐकत नाहीत. "आम्हाला चालतं हो" म्हणणारे पाहुणे हे कुत्र्याच्या शिक्षणातलं सर्वांत मोठं विघ्न!

काही गोष्टी थोडक्यात. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाई आहे, कोणी देत असेल तर घेऊ नका. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं, म्हणून लसी पूर्ण होण्याआधीही त्याला कडेवर घेऊन रिक्षाचे आवाज, छत्री, काठी टेकणारे आजोबा, गणवेशातली मुलं दाखवा. दिवाळीचे फटाके पहिल्याच वर्षी एकदम कानावर पडू देऊ नका. पट्टा गळ्याऐवजी छातीभोवतीचा हार्नेस असू द्या, छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते. पगला एप्रिल-मेमध्ये सकाळी सातनंतर फिरवायला नेऊ नका, चपट्या नाकामुळे त्याला उकाडा सोसत नाही. महापालिकेचा परवाना घ्या, त्यासाठी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं.

मोठ्या वयाचं कुत्रं शिकत नाही, असं नाही. शेपूट नळीतही वाकडंच राहतं ही म्हण शेपटापुरती खरी आहे. सहा वर्षांचं कुत्रंही चटईवर जायला शिकतं, फक्त जुनी सवय पुसायला आठवडे जास्त लागतात.

पाचवी-सहावीच्या मुलांसाठी यातून एक छान उपक्रम होतो. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी वहीत तीन रकाने आखावेत : बेल कधी वाजली, किती वेळा भुंकलं, आपण काय केलं. पहिला आठवडा काहीच न बदलता नुसती नोंद. दुसऱ्या आठवड्यापासून चटईचा सराव आणि नोंद चालूच. पंधराव्या दिवशी स्तंभालेख काढायचा. ज्यांच्या घरी कुत्रं नाही त्यांनी खिडकीतून सोसायटीतल्या कुत्र्यांचं निरीक्षण करावं, जवळ न जाता. तिसऱ्या रकान्यात मुलं बाबांनी काय केलं तेही प्रामाणिकपणे लिहितात, तेवढी पालकांनी तयारी ठेवावी.