पावसाळी दुपार आणि उशांचा किल्ला

जुलैची संततधार लागली की मुंबई-कोकणात दोन-दोन दिवस मुलांना अंगणात सोडता येत नाही. या दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या पालकांची तक्रार बहुधा ठरलेली असते: मूल किरकिर करतं, मोबाइलशिवाय जेवत नाही, रात्री लवकर झोपत नाही. पुष्कळदा हा आजार नसतोच. दिवसभरात अंग दमलेलं नसतं आणि हातांना काम मिळालेलं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाहून जास्त नको. पाऊस असला म्हणून ही गरज कमी होत नाही. ती भागवायला बांधकामाच्या खेळासारखा घरबसल्या उपाय नाही.

त्यासाठी महागडे संच आणायची गरज नाही. लोड, उशा, पाट, रिकामे डबे, किराणा दुकानातले पुठ्ठ्याचे खोके, दोन खुर्च्यांवर टाकलेली जुनी चादर एवढ्यात किल्लाही होतो आणि घरही. दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या मोठ्या भावंडांना या कामाला जुंपावं. कोसबाडच्या बालवाडीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तूंमधूनच शिक्षणाची साधनं घडवली होती. लोड ओढत नेताना खांदे आणि पाठ कामाला लागतात, चादरीखालून रांगताना तोल सावरावा लागतो. डब्यावर डबा ठेवताना तर डोळा आणि हात एकमेकांशी जुळवून घेतात, आणि पुढे पेन्सिल धरण्याची तयारी तिथेच सुरू होते.

मुलांचे डॉक्टर तपासणीत ठोकळे उगाच ठेवत नाहीत. साधारण सव्वा वर्षाचं मूल दोन ठोकळे एकावर एक ठेवतं, दीड वर्षाचं तीन, दोन वर्षांचं सहा आणि तीन वर्षांचं नऊ. तीन वर्षांच्या आसपास ते समोर करून दाखवलेला तीन ठोकळ्यांचा पूल रचू लागतं. आठवडे-महिने मागेपुढे होतात, त्यामुळे घरी याची परीक्षा मांडू नये. एक गोष्ट मात्र जरूर पाहावी. दीड वर्षाच्या आतच मूल सतत एकच हात वापरत असेल आणि दुसरा बाजूला ठेवत असेल, तर 'डावखुरं असेल' म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावं. दुसऱ्या हातात कमजोरी असण्याची शक्यता असते.

अमेरिकेत २००७ साली दीड ते अडीच वर्षांच्या १७५ मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही घरांना ठोकळे आणि ते कसे खेळायचे याच्या कल्पना दिल्या गेल्या. सहा महिन्यांनी त्या मुलांची भाषा इतरांपेक्षा पुढे आढळली. अभ्यास छोटा होता, त्याला एका खेळणी कंपनीचं अनुदान होतं, त्यामुळे त्यावर फार मोठे दावे करू नयेत. पण खेळताना जवळ बसून बोलणारं माणूस हवं, हे कोणत्याही आजीला पटेल. 'खाली मोठा डबा ठेवू या का? आता काय होईल?' एवढं पुरे. मनोरा डुगडुगला की मोठ्यांचा हात आपोआप पुढे जातो, तो आवरावा. पडू द्यावा, मूल पुन्हा रचतं.

काळजी घ्यायची ती जागेची आणि वस्तूंची. तीन वर्षांखालच्या मुलापाशी साधारण सव्वातीन सेंटिमीटरहून बारीक काही नको: बिया, खडे, मणी, थर्मोकोलचे तुकडे, मोठ्या भावंडाचे छोटे ठोकळे. ते श्वासनलिकेत अडकतात. खोक्यांच्या पिना काढाव्यात, दमट आणि बुरशीचा वास येणारे खोके टाकून द्यावेत, दमा असलेल्या मुलांच्या घरात तर नक्कीच. चादरीच्या घरात अंधार असतो आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो, अंधाऱ्या कोपऱ्यात दडतो. आधी चादर झटकावी, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. खुर्च्या, स्टूल, खोके खिडकीपासून आणि गॅलरीपासून लांबच मांडावेत, कारण रचलेल्यावर चढणं हा मुलांचा स्वभाव आहे.

सर्वांत धोकादायक वस्तू म्हणजे चपटी बटन बॅटरी. किल्ल्यात लावायचे छोटे दिवे आणि रिमोट यांत ती असते. घशात अडकली तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. मुलाने ती गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये, वाट पाहू नये, थेट मोठं रुग्णालय गाठावं.

आणि पाऊस तासभर जरी उघडला, तरी किल्ला तसाच ठेवून मुलांना बाहेर न्यावं. बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना मायनस नंबरचा चष्मा लागण्याचा धोका कमी असतो, आणि घरातल्या दिव्यांचा उजेड त्या मानाने फारच अपुरा पडतो.