बदललेला गुडघा बिघडतो तेव्हा

हा पाठ मी हरसूल येथे घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून लिहीत आहे. आमच्याकडे ओट्यावर मांडी घालून बसावयाचे, खुर्ची पाहुण्यासाठी. पण सांप्रत माझ्या उजव्या गुडघ्यात सांधाच नाही. सांध्याच्या जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा एक ठोकळा आहे. येत्या ज्येष्ठात तो काढून तेथे पुन्हा नवा सांधा बसवावयाचा आहे. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीकडे निघेल, तेव्हा मी नाशिकला रुग्णालयात असेन.

आमच्या दिंडीत गुडघे बदललेले आणखी काही जण आहेत. त्यांतील एक मावशी परवा भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "बुवा, एकदा बदलला तो पुन्हा का बदलायचा? पहिले पैसे पाण्यात गेले म्हणायचे का?" दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "भोग आहे तो. भोगूनच सरायचा." या दोन्ही बोलण्यांचे उत्तर देण्यासाठी हा पाठ आहे. त्याचे सार प्रथमच सांगतो. बदललेला गुडघा का बिघडला हे कळल्याशिवाय दुसऱ्या शस्त्रक्रियेस उभे राहू नये. आणि कारण कळल्यावर एक दिवसही चालढकल करू नये. यांतील दुसरी गोष्ट मी पाळली नाही, म्हणून सांगण्याचा अधिकार मला आहे.

१. गुडघा बदलतात म्हणजे काय?

तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये व उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया खेड्यापाड्यांत ठाऊक झाली. ती करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे न्यूयॉर्कचे नामांकित भारतीय शल्यविशारद. आज जो सांधा सर्वत्र बसवितात त्याचा मूळ नमुना १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या 'हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी'त तयार झाला, डॉ. जॉन इन्सॉल यांच्याबरोबर राणावतांचाही त्यात वाटा होता.

'गुडघा बदलला' या शब्दाने पुष्कळांचा गैरसमज होतो. सगळा गुडघा काढून टाकीत नाहीत. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक पातळ कापतात व त्यांवर धातूचे आवरण बसवितात, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवावी तसे. दोन धातूंच्या मध्ये एका कठीण प्लॅस्टिकची चकती असते. हाडे आपली, शिरा आपल्या, स्नायू आपले. बदलतो तो घासणारा पृष्ठभाग.

धाव जशी जन्मभर पुरेलच असे नाही, तसेच हे. २०१९ साली ब्रिटनमधील संशोधकांनी राष्ट्रीय नोंदी पाहून अंदाज केला की, १०० बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षे टिकतात. म्हणजे बहुतेकांना दुसरी वेळ येत नाही. पण वयाचा संबंध मोठा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात, सत्तरीनंतर गुडघा बदललेल्यांपैकी १०० तील सुमारे पाचांना उरलेल्या आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागते असे दिसले. पन्नाशीच्या सुरुवातीस बदलून घेणाऱ्या पुरुषांत मात्र हे प्रमाण सुमारे ३५ निघाले. तेव्हा ज्यांचे वय कमी आहे त्यांनी पहिल्या शस्त्रक्रियेचीही घाई करू नये. वजन उतरविणे, मांडीचे स्नायू बळकट करणे आणि काठी वापरणे हे उपाय आधी मनापासून करावेत.

२. बिघाड किती प्रकारचा?

मुख्य प्रकार सहा. सांधा हाडापासून सैल होणे. मधली चकती झिजणे. गुडघ्याचे बंध ढिले पडून पाय लचकणे. गुडघा आखडून न वाकणे. पडल्यामुळे सांध्याजवळचे हाड मोडणे. आणि सहावा, सर्वांत त्रासाचा, सांध्यात जंतू शिरणे.

बाहेरून हे सगळे सारखेच वाटतात. गुडघा दुखतो, एवढेच रोग्याला कळते. परंतु उपाय प्रत्येकाचा निराळा. झिजली ती चकती असेल तर कधी तेवढीच बदलून भागते. सांधा सैल झाला असेल तर तो नवा बसवावा लागतो. जंतू असतील तर नुसता नवा सांधा बसवून उपयोग नाही, नव्यालाही तेच जंतू धरतील. आणि कधी दुखणे गुडघ्याचे नसतेच, खुब्यातून किंवा कमरेतून उतरलेले असते. म्हणून डॉक्टर 'पुन्हा उघडावे लागेल' म्हणाले, तर आपला पहिला प्रश्न असावा, "कारण काय सापडले?" कारण सापडले नसताना केवळ दुखते म्हणून केलेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेने बहुधा समाधान होत नाही.

३. माझे कसे झाले?

तीन वर्षांमागे नाशिकच्या एका रुग्णालयात माझा गुडघा बदलला. दोन वर्षे उत्तम गेली. पौष वद्य एकादशीला हरसूलहून त्र्यंबकला पायी गेलो, पायीच आलो. गेल्या वर्षी आवणीच्या दिवसांत वाकावयाचे नाही म्हणून बांधावर उभा राहिलो, पण पाय चिखलात होतेच. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, टाचेच्या भेगा पिकल्या. दर साली होतात तशाच त्या, म्हणून लक्ष दिले नाही. श्रावणात गुडघा तापला, सुजला. मी पाल्याचा लेप बांधला आणि औषधाच्या दुकानातून जंतूंवरच्या गोळ्या आणून दहा दिवस घेतल्या. सूज ओसरली, मला वाटले बरे झाले. दिवाळीनंतर पुन्हा सूज. घरच्यांनी विचारले, "काय हो, लंगडता का?" मी म्हटले, "थंडीमुळं." खरे कारण हे की, पौषाची वारी जवळ आली होती आणि डॉक्टर 'जाऊ नका' म्हणतील ही भीती होती. वारी झाली. परत आल्यावर आठ दिवसांत जुन्या टाक्याच्या जागी भोक पडून पाणी येऊ लागले.

यात भोग कोठे आला? पायाच्या फटीतून जंतू शिरले, रक्तावाटे धातूवर जाऊन बसले, आणि मी त्यांना पाच महिने मुक्काम दिला. नशिबाला बोल लावण्याजोगे यात फारसे काही नाही.

४. गोळ्यांनी का बरे होत नाही?

ओढ्यातल्या दगडावर शेवाळ धरते. वरून कितीही पाणी वाहिले तरी शेवाळ निघत नाही, दगड घासावाच लागतो. धातूवर बसलेले जंतू आपल्याभोवती असाच एक चिकट पापुद्रा तयार करतात. औषध रक्तावाटे येते आणि धातूमध्ये तर रक्त फिरत नाही. म्हणून गोळ्यांनी वरचे जंतू मरतात, सूज उतरते, रोगी फसतो, आणि पापुद्र्याखालचे पुन्हा वाढतात.

दुसरे नुकसान असे की, अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी तपासणी बिघडते. रक्ताच्या तपासणीत जंतूंचा संशय येतो, परंतु जंतू कोणता हे ठरविण्यास सुईने सांध्यातले पाणी काढून ते प्रयोगशाळेत कित्येक दिवस ठेवतात. माझ्या पहिल्या नमुन्यात काहीच उगवले नाही, कारण वारीहून आल्यावर मी पुन्हा गोळ्या सुरू केल्या होत्या. डॉक्टरांनी त्या दोन आठवडे बंद ठेवून पुन्हा नमुना घेतला, तेव्हा जंतू सापडला. तात्पर्य, बदललेला गुडघा तापला, लाल झाला वा पाझरू लागला तर आपल्या मनाने जंतूंच्या गोळ्या घेऊ नयेत. त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे. ताप येऊन अंग थरथरत असेल तर रात्रीची सकाळही करू नये.

५. दोन टप्प्यांची रीत

बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुक या शल्यविशारदाने १८९० सालीच हस्तिदंताचा गुडघा करून बसविला होता. पण क्षयाने सडलेल्या सांध्यांत बसविलेले त्याचे सांधे जंतूंमुळे टिकले नाहीत. जागा शुद्ध झाल्याशिवाय नवी वस्तू बसवू नये, हा धडा तेथेच मिळाला. पुढे १९७० साली हॅम्बर्गच्या डॉ. बुखहोल्ट्झ यांनी हाडाच्या सिमेंटमध्ये जंतुनाशक औषध मिसळण्याची युक्ती प्रसिद्ध केली आणि १९८३ साली वर सांगितलेल्या डॉ. इन्सॉल यांनी गुडघ्यासाठी दोन टप्प्यांची रीत मांडली.

ती अशी. पहिल्या टप्प्यात सांधा, चकती, जुने सिमेंट सर्व काढतात, सडलेला भाग खरवडतात, आणि औषधमिश्रित सिमेंटचा ठोकळा बसवितात. मग साधारण सहा आठवडे शिरेतून वा तोंडाने औषध. रक्ताची तपासणी पुन्हा पुन्हा होते. जंतू गेले अशी खात्री झाल्यावर, काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, दुसऱ्या टप्प्यात नवा सांधा. मी या दोहोंच्या मध्ये आहे.

सर्वांनाच हे लागते असे नाही. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर सांधा न काढता आत धुऊन फक्त चकती बदलता येते. माझी ती वेळ श्रावणात होती. मी ती घालविली. काही ठिकाणी योग्य रोग्यात एकाच बैठकीत जुना काढून नवा बसवितात. फार अशक्त माणसाला पुष्कळ काळ औषधावर ठेवतात. आणि काही केल्या जंतू हटलेच नाहीत तर गुडघा कायमचा ताठ करणे, क्वचित पाय मांडीतून काढणे, येथवर मजल जाते. भीती घालण्यासाठी हे लिहीत नाही. चालढकलीचे मोल काय, हे कळावे म्हणून लिहितो.

दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. हाड कमी झालेले असते, म्हणून हाडाच्या पोकळीत शिरणाऱ्या लांब दांड्यांचा सांधा लागतो. वेळ अधिक, रक्त अधिक. गुडघा पहिल्याइतका वाकेलच असे नाही, आणि जंतू परतण्याचा धोकाही थोडा उरतो. डॉक्टरांनी मला हे स्पष्ट सांगितले, आणि स्पष्ट सांगितले म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

६. तयारी कोणती करावी?

पहिली गोष्ट कागदांची. जुन्या शस्त्रक्रियेचे कागद आणि सांध्याच्या वेष्टनावरची चिठ्ठी जपून ठेवावी. तीवर सांध्याचे नाव, माप व क्रमांक असतो. काढणाऱ्याला तो उपयोगी पडतो. माझी चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत दिंडीच्या हिशेबाच्या वहीत सापडली.

दुसरी शरीराची. साखर ताब्यात आणावी. तंबाखू, मिश्री, विडी सोडावी; त्यांनी जखम भरत नाही. किडलेला दात, लघवीची जळजळ, पायाच्या भेगा व चिखल्या आधी बऱ्या कराव्यात. रक्त कमी असेल तर भरून काढावे.

तिसरी पैशाची. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किमती बांधल्या. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची छापील किंमत तोवर सरासरी दीड लाखावर होती, ती कराव्यतिरिक्त ५४,७२० रुपयांवर आणली; दुसऱ्यांदा बसवावयाच्या सांध्यालाही निराळी मर्यादा घातली. पण ही किंमत केवळ वस्तूची. खोली, भूल, औषधे यांचा खर्च वेगळा. तेव्हा दोन्ही टप्प्यांचा अंदाज लेखी मागावा आणि सरकारी योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का हे रुग्णालयातील आरोग्यमित्रास आधीच विचारावे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावयाचे असेल तर संकोच करू नये, त्यात पहिल्यांचा अपमान नाही.

चौथी घराची. भारतीय बैठकीच्या संडासावर उंच खुर्ची, पलंग, वाटेतला उंबरा दिसेल असा दिवा, आणि आधाराला चौकट. शस्त्रक्रियेनंतर पोटरी एकाएकी सुजली, छातीत दुखले वा दम लागला तर रक्ताची गुठळी असू शकते. तत्काळ रुग्णालय गाठावे. व्यायाम मात्र सांगितला तेवढा रोज, दुखले तरी.

७. वारीचे काय?

मावशींनी जाता जाता हेही विचारले. मी कीर्तनात खुर्चीवर बसतो याची मला पहिल्याने फार लाज वाटे. सगळी मंडळी खाली आणि आपण वर! एकमेकांच्या पाया पडताना मला वाकता येत नाही, हात जोडून उभा राहतो. एके दिवशी आमच्या विणेकऱ्यांनीच स्वतः खुर्ची आणून टाळकऱ्यांच्या ओळीत ठेवली आणि म्हणाले, "बुवा, टाळ हातांनी वाजतो." त्या दिवसापासून लाज गेली.

पौषात मी दुखणे लपवून चाललो ती वारी मला आज भूषणाची वाटत नाही. घरच्यांशी खोटे बोलून केलेली ती वाटचाल होती. दिंडीतल्या कोणी माझ्यासारखे लंगडत असेल आणि 'थंडीमुळं' म्हणत असेल, तर चालकांनी त्याला बाजूला घेऊन पायतपासणी करावी, आणि गाडीत बसवावे. एवढे झाले तरी या पाठाचे काम झाले.

मावशींच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. पहिले पैसे पाण्यात गेले नाहीत. त्या गुडघ्याने मला दोन वर्षे चालविले. दुसरा किती चालवील ते आज सांगता येत नाही. पण या खेपेस पायाच्या भेगा रोज रात्री दिव्याजवळ बसून मी पाहीन, आणि सूज दिसली तर त्याच दिवशी सांगेन. रामकृष्णहरि.