मटाराच्या दाण्याएवढं

सदाशिव पेठ, पुणे

चि. ओंकार यास,


परवा रात्री पाठवलेले दोन्ही फोटो पाहिले. एक चेहऱ्याचा, एक टेबलावरच्या दोन नळ्यांचा. चेहऱ्याचं नंतर, आधी नळ्यांचं बोलू. डॉक्टरांनी दिलेली ॲडापॅलिनची नळी १५ ग्रॅमची आहे आणि ती तू अर्ध्यापर्यंत पिळून टाकली आहेस. सुरू करून दोन आठवडेही झालेले नाहीत. रोज रात्री नीट लावली तरी ती दोन महिने जायला हवी. तुझे गाल भाजल्यासारखे का दिसतात, याचं उत्तर मला त्या नळीतच मिळालं. फोनवर सांगितलं असतं तर तू 'हो आत्या, हो आत्या' म्हणून फोन ठेवला असतास, म्हणून लिहून पाठवते आहे.

दुसरी नळी तुझ्या रूममेटची. त्याला म्हणे तीन दिवसांत फरक पडला, आणि तिच्यावरही 'तसलंच' औषध छापलंय, मग ही लावू का, असं तू विचारलं आहेस. लावू नकोस. का ते सांगते, पण जरा लांबून.

आमच्या औषधांच्या दुकानाच्या आजूबाजूला अभ्यासिकाच अभ्यासिका. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली रात्री दहाला पुस्तकं मिटून बाहेर पडतात आणि काउंटरशी येऊन हळूच विचारतात, 'मुरमांवर काहीतरी द्या ना.' बरोबर मित्र असेल तर डोकेदुखीची गोळी मागतात आणि मुरमांसाठी नंतर एकटे परत येतात. वय विशीचं, कुणी पंचविशीच्याही पुढचं, म्हणजे 'वयात आलास की होतंच' हे घरचं समाधान संपलेलं. घरी जायफळ उगाळून झालेलं असतं, मुलतानी माती झालेली असते, लिंबू चोळून झालेलं असतं. 'लग्न झालं की जातील' हेही ऐकून झालेलं असतं. हे शेवटचं औषध कुठल्या कंपनीचं, ते मला अजून कळलेलं नाही.

आता तुझं औषध काय करतं ते समजून घे. मुरूम दिसतो त्याच्या कित्येक आठवडे आधी तो त्वचेत तयार होऊ लागलेला असतो. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिच्या वाटेतल्या मृत पेशी सुट्या होऊन झडायच्या त्या एकमेकींना चिकटतात, तोंडाशी बूच बसतं, आत तेल साठतं, त्यात जंतू वाढतात आणि मग लाल, ठणकणारी पुळी येते. सुश्रुताने तिला सावरीच्या काट्याची उपमा दिली आहे. तुझी हनुवटी पाहून पटली. तुझं ॲडापॅलिन हे रेटिनॉइड, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. ते पेशींचं झडणं सुरळीत करतं, म्हणजे बूचच बसत नाही. म्हणून ते आलेल्या पुळीवर ठिपका देऊन लावायचं नसतं. पुढे येणाऱ्या पुळ्या जिथे आज काहीच दिसत नाही तिथे दडलेल्या असतात, तेव्हा सगळ्या भागावर पातळ थर द्यायचा.

आणि म्हणूनच ते सावकाश चालतं. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी होते, सालं निघतात, काहींचे मुरूम तर वाढल्यासारखे दिसतात. खरा फरक कळायला बारा आठवडे लागतात. या बारा आठवड्यांत, माझ्या पाहण्यात, निम्म्याहून जास्त मुलं औषध सोडून देतात. सोडतात तीही बहुतेक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, म्हणजे त्रास भोगून झाल्यावर आणि गुण यायच्या आधी. मग तीच मुलं दुसरी नळी शोधतात, आणि ती दुसरी नळी बहुधा तुझ्या टेबलावर आहे तीच असते.

या दोन्ही नळ्यांच्या मागे एकच माणूस आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले अल्बर्ट क्लिगमन. तुझ्या ॲडापॅलिनचं थोरलं भावंड म्हणजे ट्रेटिनॉइन. ते मुरमांवर लागू पडतं हे क्लिगमननी दोन सहकाऱ्यांबरोबर १९६९ साली प्रसिद्ध केलं आणि १९७१ साली अमेरिकेत ते मंजूर झालं. माणूस हुशार, पण हात स्वच्छ नव्हते. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या कातडीवर त्यांनी वर्षानुवर्षं नाना प्रयोग केले. १९७४ साली ते प्रयोग थांबले. त्या कैद्यांत बहुतांश कृष्णवर्णीय होते. शहराने त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२२ साली. औषध चांगलं आहे म्हणून हे विसरायचं नसतं.

तर याच क्लिगमननी १९७५ साली डागांसाठी एक मिश्रण सुचवलं: ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि एक स्टेरॉइड. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवस वापरायचं. आपल्याकडे त्याच धर्तीची मलमं आली, स्टेरॉइड बदललं, देखरेख गळाली आणि 'गोरं करणारं क्रीम' म्हणून ती घरोघर पोचली. तुझ्या रूममेटची नळी ही त्यातलीच. फोटो मोठा करून मी तिन्ही नावं वाचली. त्यावर ट्रेटिनॉइन आहे हे खरंच. पण तीन दिवसांत फरक पडला तो स्टेरॉइडमुळे. स्टेरॉइड सूज दाबतं, लाली उतरवतं, चेहरा दोन दिवसांत तुकतुकीत करतं. मूळ जागच्या जागी राहतं. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुलींच्या गालांवर लव वाढते आणि गंमत म्हणजे मुरूम येतात, पहिल्यापेक्षा जास्त. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीसाठी देशातल्या बारा केंद्रांवरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारींचे २९२६ रुग्ण तपासले. त्यांतले ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावणारे निघाले आणि त्यांपैकी ३९२ जणांना अपाय झालेला होता. सगळ्यात मोठी तक्रार मुरमांचीच. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केला, २०१८ साली सरकारने अशी कितीतरी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती मिळतात. माझ्याच धंद्यातले लोक देतात, हे लिहिताना बरं वाटत नाही.

माझं मत एवढंच की चेहऱ्यावर जे औषध तीन दिवसांत चमत्कार करतं त्याच्यावर संशय घ्यावा, आणि जे आधी थोडं छळतं त्याला मुदत द्यावी.

मात्र छळ थोडाच हवा. तू जे करून घेतलं आहेस तो छळ औषधाचा नव्हे, घाईचा. आता असं कर. गाल शांत होईपर्यंत, चार-पाच दिवस, नळी कपाटात ठेव. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर दोन्ही वेळा लाव. मग पुन्हा सुरू कर, पण दर तिसऱ्या रात्री. तोंड सौम्य साबणाने धुऊन टिपून घे आणि पूर्ण कोरडं होऊ दे. ओल्या कातडीवर हे औषध जास्त झोंबतं. सगळ्या चेहऱ्याला मिळून मटाराच्या दाण्याएवढं. सध्या मंडईत मटार आलाच आहे, हवं तर एक दाणा टेबलावर ठेव. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे, ओठांचे काठ सोडायचे. अभ्यासिकेतली एक मुलगी कोल्ड क्रीमसारखं सगळीकडे फासायची. तिच्या ओठांचे कोपरे असे फुटले की मिसळ समोर आली तरी पावावरच भागवायची. सोसेल तसं एक दिवसाआड, मग रोज. आधी मॉइश्चरायझर लावून त्यावर औषध लावलं तरी चालतं.

तुरटी बंद. न्हाव्याला आधीच सांग, दाढी झाली की तो विचारल्याशिवाय फिरवतो. स्क्रब बंद, लिंबू बंद, टूथपेस्ट बंद. मुलींना मी थ्रेडिंग आणि वॅक्सिंगच्या काही दिवस आधी हे औषध थांबवायला सांगते. एकीने ऐकलं नाही. वरच्या ओठावर दोऱ्याबरोबर सालही गेली आणि तो डाग दिवाळीपासून होळीपर्यंत राहिला. आपल्या सावळ्या कातडीचं हेच आहे, ती गोऱ्या कातडीपेक्षा डाग जास्त धरते. मुरमाने धरते तशी औषधाच्या चुरचुरीनेही धरते. कुणी परदेशातला पहिल्या रात्रीपासून रोज लावत असेल म्हणून तूही लावायचं असं नाही.

तू सुरुवात नेमकी पुण्याच्या थंडीत केलीस. या दिवसांत हवा इतकी कोरडी असते की काही न लावताही गाल तडकतात. त्यात सकाळी वाघोलीहून नगर रस्त्याने गाडी हाकत जायचं. तुमच्याकडच्या टँकरच्या पाण्याने केस राठ होतात ते कबूल, पण गालांचं खापर पाण्यावर फोडू नकोस. सकाळी एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लाव. हेल्मेटचा पट्टा हनुवटीला घासतो तिथे पुळ्या जास्त आहेत, तेव्हा पट्टा आणि आतलं अस्तर धूत जा. हेल्मेट घालायचं सोडू नकोस, नाहीतर हे पत्र दाखवून तेवढंच करशील. पुण्याच्या मुली स्कार्फ गुंडाळून गाडी चालवतात त्याची बाहेरगावचे लोक टिंगल करतात. उन्हासाठी त्याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही.

नळी घरात वाटू नकोस. तुझी वहिनी मागेल, तिलाही डाग आहेत. तिला मूल हवं आहे, आणि दिवस असताना किंवा राहायची शक्यता असताना या कुळातली औषधं टाळायची असतात. तिने डॉक्टरांना विचारावं. चेहरा सुजला, पाणी सुटलं, फोड आले किंवा जबड्यावर खोल, दुखऱ्या गाठी येऊ लागल्या तर बारा आठवडे थांबायचं नाही. खासगी डॉक्टरांची फी परवडत नसेल तर ससून रुग्णालयात केसपेपर काढ, तिथे त्वचारोगाचा विभाग आहे. आणि आरशापुढे उभं राहून कॉलेजच बुडवावंसं वाटायला लागलं, तर तेही लपवू नकोस. मला फोन कर.

शेवटचं, तुझ्या रूममेटचं. त्याला 'फेकून दे ती नळी' असं सांगू नकोस. कितीतरी महिने लावत असेल आणि एकदम बंद केली तर चेहरा लालभडक होऊन आग होते, मग घाबरून माणूस पुन्हा तीच लावतो. ती कशी सोडवायची हे त्वचारोगतज्ज्ञच ठरवतात. रविवारी दुकान दुपारपर्यंत उघडं असतं. त्याला घेऊन ये, नळीही आणायला सांग. कुणाकडे जायचं ते मी सांगते.

तुझी,
आत्या