आईचे आरोग्य : जमाखर्चात न धरलेला घसारा

वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी आपण घसारा शिकतो. यंत्र दरवर्षी थोडे थोडे झिजते. ही झीज रोख रकमेच्या रूपाने कोठे दिसत नाही, तरीही ती खर्च म्हणून लिहावी लागते. न लिहिल्यास नफा खोटाच फुगतो आणि यंत्र बंद पडते त्या दिवशी हाती काही नसते. घराच्या जमाखर्चात एक झीज मात्र कोणीच लिहीत नाही. ती म्हणजे आईची. आई हे यंत्र नव्हे, हे खरे. यंत्र बदलता तरी येते.

अर्थशास्त्राचाही येथे थोडा दोष आहे. घरकामास बाई ठेवली तर तिचा पगार राष्ट्रीय उत्पन्नात धरला जातो; तेच काम आईने केले तर त्याची किंमत शून्य! केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७. मुलाबाळांची व आजाऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांचा आकडा २८९ वर आला. पाच वर्षांत दहा मिनिटांची सूट!

आकडे बाजूला ठेवून एक घर पाहू. बडोद्याच्या उत्तरेला छाणी आहे. पूर्वीचे हे गाव आता शहरातच जमा आहे. जवळच खताचा मोठा कारखाना आहे आणि त्याच्या पाळ्यांवर पुष्कळ घरांची घड्याळे चालतात. माझे मामा तेथेच राहतात. सुट्टीत गेल्यावर मामींचा दिनक्रम मी वहीत टिपून ठेवला. पहिली पाळी असली की साडेचारला उठून डबा. मग मुलांची शाळा, सासूबाईंचे पथ्य, धुणे, दुपारी शिवणकाम. स्वतःचा पहिला घास अकरानंतर, तोही ओट्याशी. मी बसून जेवायला सांगितले तर म्हणाल्या, "अगं, बसले की उठवत नाही, त्यापेक्षा उभ्याउभ्याच बरं." मला तर हे वाक्य म्हणजे रोगाचे लक्षणच वाटले. चाळीशीच्या आतल्या बाईला बसल्यावर उठवू नये, याला केवळ कामाचा शीण म्हणून चालणार नाही.

बहुधा त्यामागे पंडुरोग असतो, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते १२ ग्रॅमच्या खाली गेले की पंडुरोग धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत त्याचे प्रमाण गुजरातेत ६५ टक्के, महाराष्ट्रात ५४ आणि कर्नाटकात जवळजवळ ४८ टक्के आढळले. गुजरात गरीब प्रांत नव्हे, आणि तरीही आधीच्या पाहणीपेक्षा तेथील आकडा दहा टक्क्यांनी वाढला. म्हणजे घरात धान्य असणे निराळे आणि ते आईच्या ताटात येणे निराळे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. कारण उघड आहे. मासिक पाळीत दर महिन्याला रक्त जाते. गरज जिची अधिक, तिच्या वाट्याला पातेल्याचा तळ! त्यात आपल्या घरांतली आणखी एक खोड म्हणजे जेवणाला लागून चहा. चहातील द्रव्ये अन्नातले लोह अंगी लागू देत नाहीत. चहा तासभर पुढे ढकलावा आणि पालेभाजीवर लिंबू पिळावे. लिंबाने तेच लोह अधिक शोषले जाते. याला खर्च जवळजवळ नाहीच. उपासाच्या दिवशी साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ पदार्थ. खिचडीत जो काही कस असतो तो शेंगदाण्यांचा, म्हणून कूट सढळ असावे. बाजरीचा रोटला छाणीत घरोघर होतोच. त्याच्या जोडीला नाचणी, जिला आपल्या कानडी मैत्रिणी रागी म्हणतात, ती हाडांसाठी उत्तम. अळिवाचे लाडू बाळंतिणीला आपण प्रेमाने करतो, पण सव्वा महिना संपला की डबा मुलांच्या हाती जातो.

सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. त्या घेतल्यावर शौचास काळे होते. घाबरून पुष्कळ बायका गोळ्या सोडतात, वास्तविक त्यात भिण्यासारखे काही नाही. मात्र गोळ्या घेऊनही थकवा न गेल्यास डॉक्टरांना पुन्हा दाखवावे. शाकाहारी स्त्रियांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, ती लोहाने भरून निघत नाही. पाळीत रक्तस्राव फार होत असेल तर तेही लाजेने झाकून ठेवू नये.

बडोद्यात रावपुऱ्याला चिमणाबाईंच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे. सयाजीराव महाराजांच्या या पहिल्या राणी, तंजावरच्या लक्ष्मीबाई. १८८० साली लग्न, चार वर्षांच्या आत तीन मुले, आणि १८८५ साली क्षयाने मृत्यू. वय अवघे एकविशीच्या आसपास. क्षयावर तेव्हा औषधच नव्हते, त्यामुळे राजवाडाही उपयोगी पडला नाही. आज औषध आहे, तपासणी आहे. याच बडोद्यात सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांच्या काळात गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी राहिली आणि आहारशास्त्र शिकवले जाऊ लागले. तेथून छाणीपर्यंत बस जाते. ज्ञान मात्र वाटेतच कोठे उतरले कोण जाणे.

तिशीनंतर रक्तदाब आणि साखर अधूनमधून पाहावी. स्तनाची व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी याच वयापासून सरकारी कार्यक्रमात ठेवलेली आहे. त्रास नसताना करायची म्हणूनच ती तपासणी. "घरकाम हाच व्यायाम" हेही पुरते खरे नाही. ओट्याशी तासन्‌तास उभे राहिल्याने पाय दुखतात, दम वाढत नाही. त्यासाठी अर्धा तास झपझप चालावे लागते.

पण हा अर्धा तास आणायचा कोठून? आईला "स्वतःकडे लक्ष दे" असे सांगणे म्हणजे तिच्या कामांच्या यादीत आणखी एक काम घालणे. वेळ २८९ मिनिटांतूनच काढावा लागेल, आणि तो काढून देणारे हात घरातल्या इतरांचे असतील. या सुट्टीत घरी गेल्यावर आईचे ताट सर्वांबरोबर वाढावे. "तुम्ही जेवा, मी मग बसते," असे ती म्हणेलच. तेव्हा तव्यापाशी कोण उभे राहणार, हे भावंडांनी आधीच ठरवून ठेवलेले असावे.