परदेशातील वैद्यकीय नोंदणी

एका देशाची वैद्यकीय पदवी दुसऱ्या देशात आपोआप परवाना ठरत नाही. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता १९७५ मध्ये काढून घेतली. तेव्हापासून बेंगळुरूच्या पदवीधरांनाही तेथील नोंदणीसाठी सर्वसाधारणपणे परीक्षा द्यावी लागते.

साडेचार वर्षांचे शिक्षण, एक वर्षाची आंतरवासिता आणि इंग्रजीची चाचणी पार पडल्यावर ‘प्लॅब’ ही परीक्षा येते. तिचा पहिला भाग, म्हणजे तीन तासांत १८० प्रश्न, बेंगळुरूतच देता येतो. दुसऱ्या भागासाठी मात्र दोन वर्षांच्या आत मँचेस्टरला जावे लागते. तेथे रुग्णाची भूमिका करणारे नट समोर असतात. निदान व उपचार यांबरोबरच उमेदवार रुग्णाशी कसा बोलतो, त्याची भीती कशी जाणून घेतो, यालाही गुण असतात. बेंगळुरूच्या व्हिक्टोरिया रुग्णालयात कन्नड, तमिळ वा उर्दू बोलणाऱ्या रुग्णाला धीर देणाऱ्या तरुण डॉक्टरला तोच धीर आता परक्या भाषेत द्यावयाचा असतो.

एवढे करूनही नोंदणी म्हणजे नोकरी नव्हे. पैसा आणि उमेदीची वर्षे पणाला लावण्यापूर्वी हा भेद प्रत्येकाने नीट ध्यानी घ्यावा.